फोनवरचा आवाज आणि समोरचा माणूस



"फादर, फोनवर बोलून कुणाची दारू सुटते का हो?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आम्हाला अनेक घरांतून विचारला गेला आहे. विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी आई. नवरा व्यसनमुक्ती केंद्रात महिना-सव्वा महिना राहून आलेला असतो. आता दर आठवड्याला समुपदेशक त्याच्याशी मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून बोलतात. तो आतल्या खोलीत जातो, दार लोटून घेतो आणि वीस मिनिटांनी बाहेर येतो. आत काय बोलणे झाले ते तिला कळत नाही. एवढ्याने काय होणार, असे तिला वाटते.

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. एक माणूस दुसऱ्याच्या जवळ 'असतो' म्हणजे नेमके काय असते? आवाज आला म्हणजे माणूस आला का? चेहरा पडद्यावर दिसला म्हणजे भेट झाली का? एखाद्या घरात संध्याकाळी चूल पेटणार की भांडी आपटणार, हे जर या उत्तरावर अवलंबून असेल, तर हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात ठेवून चालणार नाही. म्हणून आज त्यावर थोडा सविस्तर विचार करू या.

फोनवरून उपचार ही गोष्ट आपल्याकडे २०२० साली एकदम पुढे आली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी फोनवरून, व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयीचे सरकारी नियमही जाहीर झाले. दारूची दुकाने बंद झाली. ज्यांचे शरीर रोजच्या दारूवर चालत होते, त्यांना घाम फुटू लागला, हात थरथरू लागले, झोप उडाली. आणि नेमक्या त्याच वेळी आधाराच्या सभा जिथे भरत त्या शाळांच्या आणि चर्चच्या खोल्यांनाही कुलपे लागली. सभा मग मोबाईलवर भरू लागल्या. मे महिन्यात आपल्या राज्यात दारू घरपोच देण्यास परवानगी मिळाली. बाटली फोन केल्यावर दारात येऊ लागली, तेव्हा मदतही फोनवरून आली यात नाक मुरडण्यासारखे काय आहे? बाटलीला जो रस्ता मोकळा, तो मदतीला बंद का असावा?

आपल्या शहराला दारू परकी नाही. वाळूज आणि चिकलठाण्याच्या बाजूला बिअरचे आणि मद्याचे मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या भीषण दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या कारखान्यांचे पाणी मोठ्या प्रमाणावर कापण्याचा आदेश द्यावा लागला होता, हे अनेकांना आठवत असेल. त्याच वसाहतीच्या आसपास बजाजनगर, रांजणगावच्या भाड्याच्या खोल्यांत बीड, जालना, परभणीकडून आलेली तरुण मुले राहतात, पाळ्यांत काम करतात. गाव मागे राहिलेले, घरचे माणूस जवळ नाही.

अशा एखाद्याला उपचाराला न्यायचे ठरले, की पुण्याच्या मुक्तांगणचे नाव हमखास निघते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ते केंद्र सुरू केले. तिथला निवासी उपचार पस्तीस दिवसांचा असतो. पस्तीस दिवस माणूस सांभाळला जातो. त्याची खरी परीक्षा छत्तिसाव्या दिवशी, एसटीतून उतरल्यावर सुरू होते. तोच रस्ता, तोच कोपऱ्यावरचा बार, तेच दोस्त, पगाराची तीच तारीख. आणि ज्या समुपदेशकापुढे तो मन मोकळे करून रडला, तो राहिला सव्वादोनशे किलोमीटरवर पुण्यात. एक दिवसाची रजा काढून, पाच-सहा तास बसमध्ये बसून, अर्धा तास बोलून परत यायचे, हे कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराला वर्षातून किती वेळा जमेल?

हे ज्यांना केंद्रापर्यंत पोहोचता आले त्यांच्याविषयी झाले. दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली निघाला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी फक्त एकाला कुठला ना कुठला उपचार मिळाला होता, आणि दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस एकशे ऐंशीत एक. उरलेल्यांशी कोणी बसून बोललेच नाही. तेव्हा फोन हा समोरासमोरच्या भेटीपेक्षा कमी की जास्त, एवढाच प्रश्न विचारून आपण थांबलो, तर त्या सदतीस जणांना आपण मोजतच नाही असा त्याचा अर्थ होतो.

गंमत अशी, की दारूतून बाहेर येणाऱ्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या सोबतीची, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, सुरुवातच एका फोनने झाली. मे १९३५. अमेरिकेतील ॲक्रन शहरातल्या एका हॉटेलात बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस उभा होता. धंद्याचे काम फसले होते आणि दारू सोडून त्याला काहीच महिने झाले होते. हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार, तिथून हसण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चेसची यादी. त्याने यादीतला एक पाळक निवडून फोन लावला. मागणी काय केली, तर मला एखादा दारुडा भेटवून द्या. आपण दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलू शकलो तरच आज वाचू, हे त्याला उमगले होते. त्या पाळकांनी काही नावे दिली, त्यांतून एका बाईंशी बोलणे झाले आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, त्या बाईंच्या घरी बिलची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटेच थांबेन म्हणून बजावले होते. ते रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले.

या प्रसंगातला फोनचा वाटा नीट पाहावा. बार वीस पावलांवर असताना माणसाला थोपवून धरण्याचे काम फोनने केले. समोरासमोरच्या भेटीला ते जमले नसते, कारण त्या अनोळखी गावात त्या घडीला भेटायला कोणी नव्हतेच. पण फोनवर बोलणे झाले आणि तेवढ्यावर भागले, असेही घडले नाही. त्या फोनने दुसऱ्या दिवशी दोन माणसांना एका खोलीत आणले. पुढे या चळवळीत जहाजांवरचे खलाशी आणि दूरच्या मुलखात एकटे पडलेले सभासद एकमेकांना पत्रे लिहून दारूपासून दूर राहत. म्हणजे आपण ज्याला आजचे नवे तंत्र समजतो, त्यातली मूळ कल्पना टपालाच्या काळातली आहे.

खरे तर त्याहूनही जुनी. संत योहानाची दुसरी आणि तिसरी पत्रे काढून पाहा. पानभराचीसुद्धा नाहीत. दोन्हींच्या शेवटी तो सांगतो, की लिहायचे पुष्कळ आहे, पण कागद-शाईने नको, प्रत्यक्ष येऊन तोंडोतोंड बोलू. योहानाने पत्र लिहिणे टाळले नाही, आणि पत्रालाच भेट मानले नाही. पत्र भेटीची वाट मोकळी ठेवत होते.

आता फोनवरच्या उपचाराच्या दुबळ्या बाजूकडे वळू. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या पुस्तकात एक प्रश्न घेतला आहे: चांगले काय ते कळत असूनही माणूस वाईट का करतो? संत पौलाने रोमकरांना लिहिताना हीच व्यथा स्वतःची म्हणून मांडली. ॲरिस्टॉटलचे उत्तर मार्मिक आहे. तो म्हणतो, अशा माणसाचे जाणणे दारू प्यालेल्याने एम्पेडोक्लिसच्या ओळी घडाघडा म्हणाव्यात तसे असते. शब्द सगळे बरोबर, पण ते त्याच्यात उतरलेले नसतात. नवे शिकणारा विद्यार्थीसुद्धा वाक्ये जुळवतो, पण ज्ञान अंगात मुरायला वेळ लागतो, असेही तो पुढे म्हणतो.

मोबाईलवरच्या धड्यांना हे तंतोतंत लागू पडते. दारू प्यावीशी वाटण्याची कारणे ओळखा, योग्य उत्तरावर खूण करा, आज किती वेळा इच्छा झाली ते नोंदवा. हुशार माणूस हे सगळे पिऊनसुद्धा बरोबर भरू शकतो! या धड्यांना आम्ही कमी लेखत नाही. येल विद्यापीठात कॅथलीन कॅरल यांनी संगणकावरून द्यायचे असे धडे तयार केले होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात व्यसनाधीन अशा सत्त्याहत्तर जणांपैकी काहींना नेहमीच्या उपचाराच्या जोडीला हे धडे दिले, आणि त्यांच्यात नशा करण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. इथे 'जोडीला' हा शब्द महत्त्वाचा. माणसांकडून मिळणारा उपचार चालूच होता. धड्याने शब्द दिले. ते अंगात उतरले की नाही हे विचारणारे कोणीतरी समोर होते.

पडद्याची दुसरी अडचण अशी, की त्यात काय दिसावे हे पिणाराच ठरवतो. कॅमेरा गळ्यापर्यंत धरला की थरथरणारे हात दिसत नाहीत. तोंडाचा वास तर फोनला कधीच येणार नाही. दारूचे व्यसन लपवण्यावर जगते. बाटली कपाटामागे, पगाराचा हिशेब खिशात, आणि खरे कारण तिसरीकडेच. ज्या रोगाचा जीवच लपण्यात आहे, त्याला लपायला सोयीचा कोपरा देऊन कसे चालेल? म्हणून केवळ फोनवर विसंबणे आम्हाला धोक्याचे वाटते. दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या बायकोची शंका अगदीच खोटी नाही. तिला वास येतो, हात दिसतात, पण तिला कॉलमध्ये कोणी विचारत नाही. समुपदेशकाने दर काही दिवसांनी तिच्याशीही बोलायला हवे, आणि ते नवऱ्याला सांगून.

एक गोष्ट मात्र इथे ठामपणे सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने घरच्या घरी, फोनवरच्या सल्ल्याने, एकदम दारू बंद करू नये. पहिल्या काही दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमात जातो, नसलेली माणसे, किडेमुंग्या पाहू लागतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. ते दिवस घाटीसारख्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व चालू असतानाच काढावेत. नवस बोलून, शपथ घालून किंवा खोलीत कोंडून हे करू पाहणारी घरे आम्ही पाहिली आहेत. हेतू चांगला असतो, तरीही हे करू नका.

पण लाजेचे काय? केंद्राच्या दारातून आत जाताना कोणी पाहिले तर, या एका भीतीने किती माणसे वर्षानुवर्षे आजार अंगावर काढतात! स्त्री पीत असेल तर विचारायलाच नको. मुक्तांगणने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला, तो उगीच नाही. अशा व्यक्तीला पहिले वाक्य उच्चारण्यासाठी फोनसारखा आडपडदा दुसरा नाही. आमच्या ख्रिस्तसभेला हे शहाणपण ठाऊक आहे. सोळाव्या शतकात मिलानचे संत चार्ल्स बोरोमिओ यांनी पापनिवेदनाच्या कक्षात जाळी बसवण्याचा नियम केला. जाळीने चेहरा झाकला जातो, लाज सांभाळली जाते. परंतु जाळीच्या अलीकडे गुडघे टेकण्यासाठी माणसाला घरून निघून, पायी चालत यावेच लागते. इंटरनेटविषयी परमधर्मपीठाने २००२ साली काढलेल्या दस्तऐवजात संस्कार इंटरनेटवर होऊ शकत नाहीत असे स्पष्ट केले आहे. समुपदेशन हा संस्कार नव्हे, तेव्हा तोच नियम इथे लावण्याचे कारण नाही. तरीही झाकणे आणि चालत येणे या दोन्ही गोष्टींना एकाच ठिकाणी जागा देणारी ती जाळी आम्हाला या विषयात वारंवार आठवते.

समोर बसणे म्हणजे आपोआप जवळ असणे, असाही गैरसमज नको. गाब्रिएल मार्सेल हे फ्रेंच तत्त्वचिंतक पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसच्या वतीने बेपत्ता सैनिकांचा तपास लावण्याचे काम करत. टेबलावर माहितीची कार्डे, आणि दारात मुलाची वाट पाहणाऱ्या आया. कार्डावरचे नाव आणि कोणाचा तरी मुलगा यांतले अंतर त्यांना तिथे जाणवले. पुढे त्यांनी लिहिले, की एकाच खोलीत बसलेला माणूसही आपल्याजवळ नसू शकतो आणि दूर असलेला जवळ असू शकतो. समोर चाळीस फायलींचा ढीग घेऊन बसलेला, रुग्णाकडे न पाहता कागद भरणारा कर्मचारी शरीराने हजर असतो, एवढेच. त्यापेक्षा रात्री साडेनऊला आठवणीने फोन करून "आज पगार झाला ना? कुठे आहेस?" असे विचारणारा अधिक जवळ असतो.

तर मग जवळ असणे कशाने ठरते? आमच्या मते, गरज पडल्यास तो येईल की नाही, यावर ते ठरते. ज्या आवाजामागे येऊ शकणारे पाय आहेत, तो आवाज म्हणजे सोबत. ज्याच्यामागे कोणीच नाही तो केवळ सल्ला. म्हणून फोन आणि भेट यांची जोड घालताना दोन्हीकडे तेच माणूस असले पाहिजे. केंद्रात एकापुढे रडायचे आणि फोनवर दर आठवड्याला नव्याच आवाजाला पहिल्यापासून कहाणी सांगायची, ही जोड नव्हे. ॲरिस्टॉटलनेच मैत्रीविषयी लिहिताना म्हटले आहे, की अंतरामुळे मैत्री मोडत नाही, तिचा व्यवहार थांबतो. आणि अंतर फार लांबले तर मैत्रीचाही विसर पडतो. फोन तो व्यवहार चालू ठेवतो. भेट विसर पडू देत नाही.

इथे एक नैतिक धोका आम्हाला स्पष्ट दिसतो. फोन स्वस्त आहे. खाट, जेवण, रात्रपाळीची परिचारिका, समुपदेशकाचा प्रवास, यांना पैसा लागतो. उद्या कोणी म्हणेल, आता मोबाईलवर सगळे होते, केंद्रे कशाला? मग पैसेवाल्याच्या मुलाला माणूस मिळेल आणि वाळूजच्या कामगाराला ॲप मिळेल. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे, हे म्हणणे खरे आहे. आम्ही वर ज्या सदतीस जणांचा उल्लेख केला त्यांच्यासाठी तर फारच खरे. परंतु अर्धी भाकरी देऊन पूर्ण जेवण वाढले असे सांगणे हा अन्याय आहे. घरच्या माणसांनाही हाच मोह होतो. "त्याचा कॉल झाला ना?" म्हणून सुटका करून घेता येते.

माणूस देणे फार महागात पडते असेही नाही. गोव्यात संगथ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, साध्या पण प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशन करवले. खूप पिणारे, पण अजून पूर्ण आहारी न गेलेले असे ३७७ पुरुष त्या अभ्यासात होते. फार तर चारेक भेटी. २०१७ साली लॅन्सेट या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी अशा समुपदेशनानंतर शंभरात ३६ जण धोक्याबाहेर होते, ते न मिळालेल्यांत २६. आकडा चमत्काराचा नाही, पण त्या दहांच्या घरी विचारून पाहावे. मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून १९८१ साली फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले. ते स्वतः मद्यपाशातून बाहेर आलेले, आणि बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनी उपचारात योगासनांना आणि श्वासाला जागा दिली, म्हणजे शरीराला दिली. आधी स्वतः त्या वाटेने चाललेला माणूस पुढच्याचा हात धरतो, हीच रीत ॲक्रनच्या त्या रविवारीही होती.

आमच्या धर्मग्रामात याचे काय करता येईल? ज्याला बोलायचे आहे पण कुणाला कळू द्यायचे नाही, त्याच्यासाठी केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा १४४४६ हा फोन आहे, आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी २०२२ साली सुरू झालेला टेली-मानसचा १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. ज्यांच्या घरी व्हिडिओ कॉलसाठी शांत खोली नाही (दहा बाय दहाच्या खोलीत बायकोमुलांसमोर कोण मोकळे बोलणार?) त्यांना चर्चच्या कार्यालयामागची लहान खोली मिळेल. फोन नसेल तर फोनही मिळेल. आत कोण आले आणि का, हे कोणी विचारणार नाही.

राहता राहिला रात्रीचा प्रश्न. वाळूजमधली दुसरी पाळी अकराच्या सुमारास सुटते. पगाराच्या दिवशी गेटबाहेर दोस्त उभे असतात, आणि पुण्याच्या समुपदेशकाला त्या वेळी फोन लागला तरी त्याला इथे पोहोचता येत नाही. बजाजनगरच्या बाजूला राहणारे, मोटारसायकल असलेले आणि झोपेतून उठायची तयारी असलेले चार-पाच जण आम्हाला हवे आहेत. स्वतः दारू सोडलेले असतील तर उत्तम. गेटपर्यंत जायचे, त्याला मागे बसवायचे, घरी चहा प्यायला न्यायचे आणि तिथून पुण्याला फोन लावून द्यायचा. नावे मिस्सानंतर आमच्याकडेच द्यावीत. फलकावर लावली जाणार नाहीत.